बसायची सोय

मंदा, मुलुंडहून आपल्या पुस्तकाची प्रूफं आली. प्रकाशकांचा माणूस बुधवारी दुपारी पाकीट देऊन गेला. पहिल्या पानावर दोघींची नावं आहेत, तुझं आधी, कारण चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तुझी आधी निघाली होती आणि त्यावरून तू मला बरेच दिवस चिडवलंस. तुझ्या नावामागे त्यांनी 'कै.' लावलं होतं. मी फोन करून सांगितलं, ही बाई कैलासाला जाणाऱ्यांतली नव्हती. त्यांनी विचारलं, मग तिच्या घरी काय म्हणतात? मी म्हटलं, कालकथित म्हणतात, पण तेही लावू नका, पुस्तक लिहिलं तेव्हा ती होती. ते म्हणाले, तशी पद्धत असते हो बाई. मी म्हटलं, असू दे.

प्रूफं एका बैठकीत वाचली, लाल पेन घेऊन. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका जागी बसचा नंबर चुकला होता तो नीट केला. तुझी वाक्यं ओळखू येत होती, कारण तू स्वल्पविराम द्यायचा कंटाळा करतेस. ते मी दिले. वाचताना काही वाटलं नाही. हे तुलाच सांगतेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं की ते पाणी आणून देतात आणि पाठीवर हात ठेवतात. तू गेल्यावर मी रडले नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती, केबलवाल्याशी भांडणही करून झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं चाललं होतं सगळं.

एक पान मात्र तसंच कोरं होतं. गोराईचं. वर नाव, मग कसं जायचं, मग 'बसायची सोय : नाही', आणि 'काय बघाल' या शब्दांच्या खाली सगळं पांढरं. प्रकाशक म्हणाले, शनिवारपर्यंत भरून द्या, नाहीतर ते संग्रहालय गाळून टाकू, कोणाला काय कळणार आहे. वर असंही म्हणाले की तुम्ही स्वतः वर्सोव्याच्या, वेसावे कोळीवाड्यातल्या, होड्या-जाळ्यांबद्दल तुम्हीच लिहा ना, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. बिचाऱ्यांना आपला नियम ठाऊक नाही.

हा नियम कसा झाला ते तू कोणालाही रंगवून सांगायचीस. मी सांगितलं की ते भूगोलाच्या धड्यासारखं होतं, असं तुझं म्हणणं. असेल. अंधेरीच्या एकाच शाळेत तू चित्रकला शिकवलीस आणि मी भूगोल, आणि दोघींनी मिळून दर वर्षी मुलांची सहल शहरातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत नेली. बसमध्ये दोघंतिघं ओकायचे, आत गेल्यावर 'पुढे चला, पुढे चला' म्हणत आपणच त्यांना ढकलायचो, आणि दुसऱ्या दिवशी निबंधात पोरं वेफर्सबद्दल लिहायची. रिटायर झाल्यावर एकदा अंधेरीला मेट्रोच्या जिन्याखाली आपण चहा घेत होतो. तू घाटकोपरच्या टोकावरून यायचीस, मी वर्सोव्याच्या टोकावरून, म्हणून भेटायचं ते अंधेरीला. तेव्हा तू म्हणालीस की आपण मुंबईतल्या संग्रहालयांची एक मार्गदर्शिका लिहू. मी म्हटलं, आहेत की ढीगभर. तू म्हणालीस, त्या संग्रहालयाच्या शेजारी राहणाऱ्यांनी लिहिल्यात, पाय मोकळे करायला निघालेल्या माणसांसाठी. आपली बाई बोरिवलीहून निघते, नाहीतर मुलुंडहून. सकाळचं सगळं आवरून, डबा भरून, सोबत सासू किंवा पोर घेऊन. तिथे पोचेपर्यंत तिचा अर्धा जीव गेलेला असतो. तिला पहिली गोष्ट काय हवी असते?

मी म्हटलं, तिकीट. तू म्हणालीस, बसायला जागा.

म्हणून आपल्या पुस्तकात नाव-पत्ता झाला की प्रत्येक संग्रहालयाची सुरुवात त्या ओळीने होते. मग पाणी, मग बाथरूम, मग डबा कुठे उघडता येईल, आणि मग 'काय बघाल'. त्यात फक्त एकच वस्तू. यावरून आपलं केवढं वाजलं होतं. मला नकाशा काढायचा होता, दालनाला दालन जोडून, कुठून शिरायचं नि कुठून निघायचं. तू ऐकेनास. शंभर वस्तू बघून आलेलं माणूस घरी जाऊन सांगतं, खूप होतं बघण्यासारखं. एक बघितलेली असली तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं, हे तुझं म्हणणं. नाण्यांच्या संग्रहालयात तू मला एका झिजलेल्या तांब्याच्या नाण्यापुढे इतका वेळ उभी केलीस की बाकीची सोन्याची नाणी मी आजपर्यंत पाहिलेली नाहीत. ते तांब्याचं नाणं अजून जसंच्या तसं दिसतं, हेही खरं.

तू बसायचीस, उभी मी असायचे. तुझं ते घडीचं स्टूल. मूळ कापड फाटलं तेव्हा प्राचीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं कापड तू त्यावर शिवलंस, आणि मुलीचा गणवेश शेवटी कामी आला म्हणून वर तिला ऐकवलंस. ते पिशवीतून काढून उघडलंस की कोणी ना कोणी रखवालदार धावत यायचा. तू त्याला म्हणायचीस, दादा, हे गुडघे शाळेने खाल्लेत, तुम्ही खुर्ची देत असाल तर हे ठेवते आत. बहुतेक जण हसून परत जायचे. एकाने खरोखर खुर्ची आणली, तर तू ती नको म्हणालीस. खुर्चीवर बसलं की माणूस साहेब होतो, म्हणे. स्टूलवर बसलं की वस्तू जरा वर राहते.

नियम झाला तो कान्हेरीला. ती लेणी पुस्तकात घ्यायची हा तुझा हट्ट. मी म्हणत होते, लेणी म्हणजे संग्रहालय नव्हे. तू म्हणालीस, बोरिवलीच्या माणसाला घराजवळ काहीतरी नको का? मग गेलो. तिथे वस्तू तूच निवडशील हे मी धरून चालले होते. घाटकोपरला तुमच्या घरी भिंतीवर बुद्ध, दिवाणावर बुद्ध, प्राचीच्या फोनवर बुद्ध. तू एका लेण्यात स्टूल टाकून बसलीस, समोर एवढी मोठी मूर्ती, आणि बऱ्याच वेळाने म्हणालीस, हेमा, मला नाही येत.

काय नाही येत, म्हणून मी विचारलं.

"बघता येत नाही गं. समोर बसले की हात आपोआप जुळतात. आणि आई दिसते. आम्ही अकोल्याहून आलो तेव्हा पहिली सहल तिने इथे काढली होती, पिठलं-भाकरी घेऊन. मला इथे लेणं दिसतच नाही, आईच दिसते. घरच्या वस्तूत वस्तू दिसत नाही, माणूस दिसतं. तू बघ. तू परकी आहेस ना, तुला दिसेल."

परकी म्हटल्याचा मला राग आला होता, पण बघितलं. मी पाण्याचं टाकं निवडलं. खडक कोरून केलेलं, वरचं पाणी त्यात यावं म्हणून दगडात बारीक पन्हळ काढलेली. इतक्या माणसांना डोंगरावर राहायचं तर पाण्याची तजवीज आधी, हे मला भूगोलाने दिसलं असेल. तू वाकून टाक्यात पाहिलंस आणि म्हणालीस, लहानपणापासून येतेय, हे मला एकदाही दिसलं नाही. त्या दिवशी उतरताना ठरलं. आपल्या घरची वस्तू आपण निवडायची नाही, ती दुसरीने निवडायची. आणि मग तू लगेच म्हणालीस, म्हणजे गोराई माझं.

गोराईचं संग्रहालय मला पुस्तकात नकोच होतं. खाडीपलीकडे एका जुन्या ख्रिस्ती घराच्या पुढच्या दोन खोल्या, घरमालकीण रोझीआंटी कुलूप उघडून देतात तेव्हाच उघडणाऱ्या. मधोमध एक लहान होडी, भिंतीला जाळी, वल्ही, मासळीच्या पाट्या, मडकी, उखळ. मी आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. यातलं निम्मं सामान आमच्या घरी अजून पोटमाळ्यावर आहे आणि उरलेलं माझा भाऊ रोज वापरतो. आत मला होडी दिसेना, आमचे बाबाच दिसत होते, नेहमीसारखे चिडलेले. तू आत बसलीस ती उठेनास. मी अंगणात उभी राहून तुला हाका मारत होते, फेरीबोट चुकेल म्हणून. शेवटी तू बाहेर आलीस, स्टूलची घडी घातलीस आणि म्हणालीस, ठरलं. काय ते सांगेनास. लिहून देते, मग वाच.

फेरीत आपलं भांडण झालं. मी म्हटलं, जे अजून वापरात आहे ते दालनात मांडून ठेवणं म्हणजे जित्या माणसाच्या फोटोला हार घालण्यासारखं आहे. वस्तू वापरून झिजावी, संपावी, तोच तिचा मान. तू म्हणालीस, तुम्हा लोकांकडे अजून आहे म्हणून तू असं बोलतेस. आमच्याकडे आजीचं काहीसुद्धा उरलं नाही, वापरून वापरून संपलं सगळं. एक पितळी लोटा होता तोही मोडीत गेला. कोणीतरी परक्याने तो उचलून काचेत ठेवला असता तर मी आज तिकीट काढून बघायला गेले असते. मी म्हटलं, काचेवर उजेड पडतो, काही दिसत नाही. तू हसलीस. पलीकडे उतरल्यावर तू म्हणालीस की हे भांडण अर्धं राहिलंय, पुढच्या वेळी पुरं करू.

पुढची वेळ आली नाही. दुपारी जेवून जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. संध्याकाळी प्राचीचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. तिने सांगितलं, मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले बोंबील साफ केले. टाकून जायचे कसे? मग हात धुऊन मेट्रो पकडली. वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतक्या वर्षांत अंधेरीच्या पुढे मी फार कमी वेळा गेले होते, कारण तू अर्ध्यावर येऊन उभी असायचीस. अंधेरी आली तेव्हा मी सवयीने उठले. एका मुलीने माझी जागा घेतली. मग उभीच राहिले शेवटपर्यंत.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. सगळे पांढऱ्यात. शाळेतल्या बायका, तुझे कितीतरी विद्यार्थी, तुझ्या गल्लीतले लोक. एका टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला तुझा फोटो, मेणबत्त्या, फुलं. प्राचीने तुझा चष्मा आणि रंगांचा डबाही तिथे मांडला होता. लोक रांगेने येत होते, जरा थांबून पुढे सरकत होते. मी रांगेत होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? काचेवर उजेड पडतोय. ट्यूबलाइट अगदी तुझ्या तोंडावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती पांढरी पट्टी. माझी पाळी आली तेव्हा मी फूल वाहायच्या आधी फोटो दोन्ही हातांनी धरून जरासा भिंतीकडे वळवला. दिसलीस. मागून तुझ्या चुलतभावांनी येऊन तो पुन्हा सरळ केला. मी पुन्हा वळवला. त्यांना वाटलं बाईंचं डोकं फिरलंय, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला खुर्चीवर नेऊन बसवलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. तेवढं एक मनात आलं, आणि तेही दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं आलं आणि गेलं.

प्राचीला मी विचारलं होतं की आईने गोराईबद्दल काही लिहून ठेवलंय का. तिने सगळी कपाटं पाहिली, कॉम्प्युटर पाहिला. काही नव्हतं. तू लिहायचं पुढे ढकलत असायचीस आणि मी तुझ्या मागे लागायचे, हे आपलं ठरलेलंच. या वेळी मी मागे लागले नव्हते, कारण तुझे गुडघे फार दुखत होते. यावर मी फार विचार करत नाही.

मग प्रूफं आली, आणि दुसऱ्या दिवशी प्राचीने घरी बोलावलं. तिने तुझ्या पलंगावर तुझ्या वस्तू मांडल्या होत्या. साड्या, घड्याळ, चष्मा, कडक झालेले ब्रश, तुझा डबा, चपट्या झालेल्या त्या पर्स. स्टूल भिंतीला टेकून होतं. पोरगी वाळून गेलीय मंदा, डोळे एवढे मोठे दिसतात. ती म्हणाली, मावशी, आईची एक वस्तू तू घेऊन जा, तुला हवी ती.

एक वस्तू. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. आपण एवढी संग्रहालयं पालथी घातली, मला आता ते काम येतं. आधी सगळ्यांवरून नजर फिरवायची, मग जिथे नजर अडते तिथे थांबायचं. चष्म्याकडे पाहिलं तर तू तो कपाळावर सरकवून माझ्यावर डोळे वटारत होतीस. डब्याकडे पाहिलं तर तू झाकण उघडून मला लोणचं देत होतीस. साडीकडे पाहिलं तर तू पुढे चालत होतीस आणि मी मागून ओरडत होते, निऱ्या सुटल्यात. चष्मा कोणत्या आकाराचा, साडी कोणत्या रंगाची, विचारशील तर मला आत्ताही सांगता येणार नाही. कान्हेरीला तुझं काय झालं होतं ते मला तेव्हा तिथे कळलं.

"प्राची," मी म्हटलं, "मला नाही निवडता येणार. घरच्या वस्तू आपण निवडायच्या नाहीत, असा आमचा नियम आहे."

नियम तिला ठाऊक होता. फोनवरची आपली भांडणं ऐकतच ती मोठी झालीय. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तोंडावर दुपट्टा धरून रडली. मी तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख बदलायची राहिलीय हे पाहत राहिले. मग तिने नाक पुसलं, उठली, स्टूल उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग मी थोडा वेळ परकी होते," ती म्हणाली. "हे घे. तुझे पण गुडघे गेलेत."

शुक्रवारी मी गोराईला गेले. पान गाळायला सांगायचं की नियम मोडून स्वतः लिहायचं, दोन्हीपैकी काहीतरी तिथे बसून ठरवू, एवढंच डोक्यात होतं. रोझीआंटींनी कुलूप काढलं, पिशवीतून स्टूल निघताना पाहिलं आणि दुसऱ्या बाई कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, गेल्या. त्यांनी छातीवर क्रूस केला, आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

तुझ्या स्टूलवर मी कधी बसले नव्हते. बरंच खाली जातं गं ते. तू बसली होतीस त्याच जागी मी ते उघडलं, होडीच्या डाव्या अंगाला, आणि तुला काय दिसलं असेल ते शोधायला लागले. तिथून होडीचं पोट दिसतं, डांबर लावलेलं. जाळ्याची खालची कड दिसते. दारातून खाडीचा एक तुकडा दिसतो. यातलं काय तू ठरवलंस? मी एकेक घेऊन पाहिलं आणि प्रत्येकातून बाबा निघत होते, आणि आता बाबांच्या शेजारी तू. चहा गार झाला. मी हरले होते. परत जायचं, प्रकाशकांना फोन करायचा आणि पान काढून टाका म्हणायचं, हे माझं ठरलं.

तेवढ्यात माणसं आली. एक बाई, तिच्यासोबत तिची सासू. बोरिवलीहून आल्या होत्या, गोराईला नातेवाइकांकडे जेवण होतं, वाटेत पाटी दिसली म्हणून शिरल्या. आजींचा श्वास चढला होता. त्यांनी आधी भिंत धरली, मग होडीची कड धरली, आणि टेकायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी उठले आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. त्या बसल्या. पर्स मांडीवर घेतली, पदराने गळा पुसला, दम खाल्ला. सून फोटो काढत पुढच्या खोलीत गेली. आजी काही न करता बसून राहिल्या, आणि मग बघायला लागल्या. मंदा, आपण पुस्तकात जे लिहिलंय ते मी पहिल्यांदाच घडताना पाहिलं.

"हे काय असतं हो?" त्यांनी विचारलं.

होडी आजींच्या बाजूला कलली होती, आणि आत, फळीखाली, लाकडाचं एक ओबडधोबड वाडगं होतं, बाजूला मूठ असलेलं. ते तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत असणारच, होडीत ते असतंच, म्हणून दिसलं नव्हतं. मी सांगितलं, याने होडीतलं पाणी उपसतात. कोळ्याचं पोर पहिल्यांदा होडीवर जातं तेव्हा त्याला हेच काम देतात.

आजींनी विचारलं, होडीत पाणी कुठून येतं, भोक आहे का? मी म्हटलं, भोक नसतं आजी. होडी नवी असो, चांगली असो, फळ्यांच्या फटीतून थोडं थोडं येतंच. ते थांबत नाही. उपसत राहायचं असतं. त्यांनी मान हलवली आणि त्या वाडग्याकडे पुन्हा बराच वेळ पाहिलं. मी शेजारी उभी होते, तुझ्या शेजारी असायचे तशी.

त्या निघाल्या तेव्हा त्यांनी स्टूल परत द्यायला घडी घालून पाहिली, त्यांना ती जमेना. रोझीआंटी दारातून म्हणाल्या की बाई, ते इथेच राहू द्या ना, आमच्याकडे टेकायला काही नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. मी म्हटलं, याला काचेत नाही ठेवायचं, आणि बसू नका अशी पाटी लावायची नाही. त्या म्हणाल्या, काचेत कशाला, बसायलाच तर मागतेय. मी ते दाराजवळ उघडून ठेवलं, उजेडाच्या बाजूला. संग्रहालयात आहे आणि वापरून झिजणारही आहे. आपलं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. तू काहीतरी नवीन काढलंच असतंस.

येताना फेरी भरलेली होती. कठड्याला टेकून उभी राहिले. मध्यावर गुडघा ठणकायला लागला, म्हणून मी खांद्यावरची पिशवी पुढे ओढली आणि स्टूल काढायला आत हात घातला. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि छत्री. मी हात आतच ठेवला, किनारा येईपर्यंत. इंजेक्शन उतरताना आधी गालाला मुंग्या येतात ना, तसं काहीतरी व्हायला लागलं होतं.

घरी आले, दिवा लावला, प्रूफ काढलं. 'काय बघाल' च्या खाली त्या लाकडी वाडग्याबद्दल लिहिलं, फार नाही, आजींना सांगितलं तेवढंच, आणि ही वस्तू बोरिवलीच्या एका आजींनी निवडली आहे असंही लिहिलं. त्या कोळ्यांच्या नव्हत्या, मी विचारून घेतलं होतं. नियम मोडलेला नाही. तू काय निवडलं होतंस ते मला कळलं नाही मंदा, आणि आता कळायचंही नाही. ते तुझ्यापाशी राहू दे.

मग वरची ओळ राहिली होती. 'बसायची सोय : नाही.' मी 'नाही' वर लाल रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'आहे. दाराजवळ निळ्या कापडाचं स्टूल आहे. कोणीही बसावं.'

आज सकाळी प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, बाकी सगळं पाठवतेय, फक्त गोराईचं पान पुन्हा छापून द्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझ्याकडून भिजलं.